झूमवरचा 'आपला माणूस'



शुक्रवारी रात्री जेवणं उरकली की मी बेसमेंटमध्ये लॅपटॉप उघडून बसतो. तिकडे शनिवारची सकाळ असते, आणि पुणे, नाशिक, सांगलीकडची पंचवीस-तीस मुलं झूमवर वाट बघत असतात. ज्या युनिव्हर्सिटीतून मी 2013 साली एमएस केलं, तिथल्या कॉम्प्युटर सायन्सच्या ऍडमिशनबद्दल त्यांच्याशी बोलायचं. बिनपगारी काम. 2021 पासून करतोय.

सुरुवात झाली कोविडमुळे. 2020-21 मध्ये अमेरिकेत नव्याने दाखल होणारे परदेशी विद्यार्थी आदल्या वर्षापेक्षा 46 टक्क्यांनी घटले. कॉन्सुलेट बंद, विमानं बंद. त्यात जुलै 2020 मध्ये 'सगळे क्लास ऑनलाइन असतील तर देश सोडा' असा हुकूम निघाला. आठ दिवसांत तो मागे घेतला, पण पालकांच्या पोटात गोळा यायचा तो आलाच. आमच्या डिपार्टमेंटच्या मास्टर्सचा डोलारा परदेशी मुलांच्या पूर्ण फीवर उभा. मग जीआरई ऐच्छिक झाली, अर्जाची फी माफ झाली. पुण्यातल्या हॉटेलांत भरणारे मेळावे बंद पडले म्हणून झूम आलं, आणि झूमवर 'आपला माणूस' हवा म्हणून मी.

दुसरा रस्ता एजंटांचा. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, पण अमेरिकेतला विद्यार्थी आणून दिल्याबद्दल डोकी मोजून कमिशन देणं हे सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना कायद्याने मना आहे. परदेशी राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र सूट! म्हणून कन्सल्टन्सीवाला 'तुझ्यासाठी हीच बेस्ट' म्हणाला, तर 'तुम्हाला ते किती देतात?' हे खुशाल विचारा, असं मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकतो.

आकडे परत आले आणि धो धो आले. 2023-24 मध्ये अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते, 2009 नंतर प्रथमच चीनच्या पुढे. डिपार्टमेंटमध्ये केक कापला. मीही खाल्ला.

एप्रिल 2025 मध्ये एकदा सगळे गेल्यावर एक चौकोन तसाच उघडा राहिला. मुलगा नव्हता, त्याचे वडील होते. एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घर तारण ठेवून पंचेचाळीस लाखांचं कर्ज, बँकेचे कागद तयार. "साहेब, एवढंच सांगा, फिटेल ना?"

डिपार्टमेंटने दिलेल्या स्लाईडवर नोकरी लागलेल्यांची टक्केवारी झकास होती. पण ती 2022 च्या बॅचची, कंपन्या दिसेल त्याला घेत होत्या तेव्हाची. मी म्हटलं, "काका, तो आकडा जुना आहे. पदवीनंतर ओपीटीवर एक वर्ष मिळतं, आपल्या विषयाला आणखी दोन. पण पहिल्या वर्षात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. आत्ता पास झालेली चार पोरं माझ्या ओळखीची आहेत, तीनशे-तीनशे अर्ज टाकून बसलीयत." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग "बरं झालं सांगितलंत" म्हणाले आणि चौकोन बंद झाला.

चार दिवसांनी मुलाची मेल आली. सर, तुमच्यामुळे बाबांनी सही केली नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मे 2025 मध्ये व्हिसाच्या नव्या मुलाखती तीनेक आठवडे थांबल्या, त्या फॉलमध्ये नवे परदेशी विद्यार्थी 17 टक्क्यांनी घटले, सप्टेंबरात नव्या एच-1बी वर एक लाख डॉलर. बायको म्हणते, तू वाचवलंस त्यांना. मला तसं छातीठोक म्हणवत नाही. 2011 साली माझ्या वडिलांनीही घरावरच कर्ज काढलं होतं, आणि त्यांना झूमवर असा कोणी भेटला असता तर मी आज या बेसमेंटमध्ये नसतो.

जानेवारी 2026 मध्ये डिपार्टमेंटचा पुन्हा फोन. "परत उभं करायचंय." मी अट घातली: स्लाईडवर प्रत्येक बॅच वेगळी दाखवा, आणि ज्यांना नोकरी मिळाली नाही, ज्यांचा पत्ताच लागला नाही, तेही लिहा. आठवड्याने होकार आला, पण फक्त माझ्या वेबिनारपुरता. छापील माहितीपत्रक आहे तसंच.

दरम्यान घराजवळचं काम राहून गेलंय ते वेगळंच. 2020 पर्यंत आमची एक व्हॅन आसपासच्या हायस्कुलांत रोबो घेऊन जायची. चालवणारे प्रोफेसर रिटायर झाले, आणि कुठल्या शाळेत गणिताच्या कोणत्या बाईंना फोन करायचा हे आता कोणाला ठाऊक नाही. 2022 च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीच्या गणिताची सरासरी 2019 पेक्षा 8 गुणांनी खाली आली होती. ती मुलं 2026 मध्ये बारावी संपवतायत. त्यांच्याकडे दोन वर्षं आधी जायला हवं होतं. असो. शनिवारी मी आणि ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर बाई दोन शाळांत जाणार आहोत. व्हॅनची बॅटरी मेलीय, माझ्याच गाडीने.

तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या कॉलेजांसाठी हेच काम करता. तुमच्या स्लाईडवर कुठल्या सालचा आकडा आहे, जरा बघून कळवा.

आणि हो, पुढच्या शुक्रवारच्या यादीत त्या मुलाचं नाव पुन्हा आहे.