सर्व्हरवरील कमिट न केलेले बदल आणि गिट पुल

सर्व्हरवर गिट पुल चालवल्यावर "स्थानिक बदल पुसले जातील" अशा अर्थाचा संदेश देऊन गिट थांबले, तर घाईने गिट रिसेट हार्ड चालवू नका. आधी गिट डिफ पाहा. कुणी रात्री थेट सर्व्हरवरच केलेली दुरुस्ती तिथे असू शकते, आणि तिची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते.

बदल हवे असतील तर गिट स्टॅश, गिट पुल, गिट स्टॅश पॉप हा क्रम ठेवा. मात्र स्टॅश करताच ती दुरुस्ती चालू संकेतस्थळावरूनही नाहीशी होते! पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला तर त्याच्या खुणा थेट चालू फाईलमध्ये उमटतात. म्हणून वर्दळ नसलेली वेळ निवडा. अशा वेळी स्टॅश मात्र यादीत टिकतो. कॉन्फ्लिक्ट सोडवा, दुरुस्ती कमिट करा आणि मगच गिट स्टॅश ड्रॉप चालवा.