बारा गुंठे आणि दीड हजार

रबाळ्यात सकाळचे साडेदहा वाजलेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून एमआयडीसीकडे वळणाऱ्या ट्रेलरच्या आवाजात ई-सेवा केंद्रातलं बोलणं अर्धं बुडतंय. छोटासा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि भिंतीला टेकवलेला बाक. बाकावर बहुतेक बायकाच. प्रत्येकीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत आधार, रेशनकार्ड, वीजबिल, पासबुक. आज सगळ्यांना उत्पन्नाचा दाखला हवाय.

माझ्या शेजारी बसलेल्या मावशींच्या पिशवीत एक कागद जास्तीचा आहे. मावशी आमच्याच गल्लीत राहतात. कागद वाचून दाखवायला म्हणून मी सोबत आले आहे. त्यांचं माहेर शहापूर तालुक्यात. नव्वदीतले वडील गेल्या वर्षी वारले, आई त्याआधीच गेलेली. मागे दीड एकर भातशेती आणि पाच भावंडं. वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर तीन भावांबरोबर दोघी बहिणींचीही नावं लागली. दीड एकर म्हणजे साठ गुंठे. मावशींच्या वाट्याला बारा.

नंबर येतो. कॉम्प्युटरवरची मुलगी मान वर न करता विचारते, "कशासाठी पाहिजे दाखला?"

"श्रावणबाळसाठी. पेन्शनला लावायचाय."

"नोकरी, धंदा काही?"

"गुडघ्यामुळे घरकाम सुटलं. घरी धागे कापते. महिन्याचे पाच-सहाशे होतात."

"मुलगा?"

"मुलगी आहे एक. लग्न झालंय तिचं, दिव्याला असते."

"जमीन नावावर?"

मावशी माझ्याकडे बघतात. मग खालच्या आवाजात म्हणतात, "नाही लिहिलं तर नाही का चालणार?"

मुलगी आता मान वर करते. "मावशी, हे स्वयंघोषणापत्र आहे. खालच्या ओळीत लिहिलंय, माहिती खोटी निघाली तर गुन्हा. सही तुमची असते, माझी नाही."

तेव्हा कुठे तो जास्तीचा कागद बाहेर येतो. हक्कसोडपत्राचा मसुदा. गावाकडच्या कुणीतरी टाइप करून दिलेला, चार पानी. पहिल्या पानावर पाचही भावंडांची नावं आणि वयं. दुसऱ्या पानावर गट नंबर आणि चतुःसीमा. तिसऱ्या पानावर मी थांबते. बहिणी आपला हिस्सा भावांच्या लाभात, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि विनामोबदला कायमचा सोडत आहेत, असं तिथे लिहिलंय. शेवटच्या पानावर बहिणींच्या नावांपुढे फोटोसाठी दोन चौकोन रिकामे ठेवलेत.

"धाकटा म्हणतो, सातबाऱ्यावर नाव राहिलं की पेन्शन बंद होणार," मावशी सांगतात. "गुरुवारी शहापूरला सहीला बोलावलंय. मी म्हटलं, दाखला आधी काढते, मग जाते."

पेन्शन म्हणजे महिन्याचे 1,500 रुपये. नवरा गेल्यावर मावशींना संजय गांधी निराधार अनुदान सुरू झालं. पासष्ट उलटल्यावर त्या श्रावणबाळ योजनेत गेल्या. दोन्हींना उत्पन्नाची अट एकच, वर्षाला 21,000. महिन्याचे 1,750 आणि दिवसाचे अठ्ठावन्नही नाहीत. अनुदान सहाशेवरून हजार झालं, 2023 मध्ये दीड हजार झालं. ही मर्यादा मात्र आहे तिथेच आहे. अर्जाच्या पानावर म्हातारीने एवढं गरीब असलंच पाहिजे. एक रुपया वर दिसला तर सगळंच जाईल, या धाकात ती वर्षं काढते.

केंद्रातली मुलगी हुशार आहे. ती एका जुन्या पावतीची पाठ समोर ओढते. "मावशी, बारा गुंठ्यांत भात किती होतो?"

"चांगला पाऊस झाला तर चार क्विंटल. दुबार पीक नाही, पाणी नाही."

"2025-26 चा हमीभाव 2,369. चारने गुणलं की 9,476. धाग्यांचे महिन्याला सहाशे धरले तर वर्षाचे 7,200." ती बेरीज मांडते आणि पावती मावशींपुढे फिरवते. "16,676. नांगरणी, आवणी, खत, कशाचाच खर्च धरला नाही तरी एकवीसच्या आत."

मावशी आकड्यांवर बोट ठेवून बघत राहतात. "म्हणजे बंद नाही होत?"

"अट उत्पन्नाची आहे, मावशी. जमीन नावावर लागली म्हणजे उत्पन्न झालं असं नाही. तिच्यातून काय येतं ते लिहायचं. सातबारा जोडा, खरं तेच लिहा."

मी त्या मुलीकडे बघत राहते. गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी वर्षभर जे सांगितलं नाही ते तिने पावतीच्या पाठीवर एवढ्यात दाखवून दिलंय.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजतो. भाऊच आहे. ऐकू येत नाही म्हणून मावशी स्पीकर लावतात. "ताई, गुरुवारचं नक्की ना? अगं, तुझ्याच भल्याचं सांगतोय. तुझी पेन्शन गेली तर आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही. आणि पार्टीपण थांबलीय."

"कसली पार्टी?"

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग खुलासा येतो. फार्महाऊससाठी कुणी जागा बघून गेलंय. सातबाऱ्यावर कमी नावं असली तर व्यवहार लवकर होईल. भाऊ वाईट माणूस नाही, हे त्याच्या आवाजावरून कळतं. डोक्यावर कर्ज आहे, मुलाचं लग्न काढलंय. पेन्शनची भीतीही त्याला खरीच वाटते आहे. पण जमीन विकायचीच असेल, तर बहिणीच्या बारा गुंठ्यांचे पैसे बहिणीचे, हे त्याच्या बोलण्यात कुठेच येत नाही.

मी मावशींना दुसरा हिशेब सांगते. समजा जमीन विकली आणि तुमच्या वाट्याला साडेतीन लाख आले. ते बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचं व्याज बरोबर 21,000. धाग्यांचे पैसे त्यात मिळवले की मर्यादा ओलांडली जाते आणि पेन्शन खरोखर अडचणीत येते. पण साडेतीन लाख म्हणजे एकोणीस वर्षांहून जास्त काळाची पेन्शन, आणि ती तुमच्या हातात. आज फुकट सही दिलीत तर हातात उरतात ते महिन्याचे दीड हजारच, तेही दाखल्यावर आणि हयातीच्या पुराव्यावर टांगलेले.

बाकावरची एक तरुण बाई पुढे वाकून ऐकते आहे. "पण ताई, लाडकी बहीणला तर जमिनीची अट काढली ना?"

ती म्हणते ते बरोबर आहे. 2024 च्या जूनमध्ये ती योजना जाहीर झाली तेव्हा पाच एकरांपेक्षा जास्त शेती असलेल्या कुटुंबाला वगळलं होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती अट सरकारने काढून टाकली. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. रक्कम तीच, दीड हजार. वयाची अट मात्र 21 ते 65. म्हणजे पासष्टच्या आतल्या बाईला अडीच लाखांपर्यंत चालतं आणि पासष्ट उलटलेल्या, एकट्या, गुडघे गेलेल्या विधवेला एकवीस हजार. जवळपास बारापट फरक. मावशींना एका योजनेतून दुसरीत जायचीही सोय नाही. त्यांना मर्यादेच्या आत राहावंच लागतं, आणि म्हणूनच त्यांच्याकडून सही घेणं सोपं होतं.

अशी मर्यादा इतरत्रही असते. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट ही मदत 16,000 पौंडांवर बचत गेली की थांबते. वारशाचे पैसेही त्यात धरतात. पण मदत टिकावी म्हणून कुणी आपला वाटा दुसऱ्याला देऊन टाकला, तर तो पैसा अजून त्याच्याकडेच आहे असं मानलं जातं. नियम कडक आहे, पण त्यामुळे पेन्शनचं कारण सांगून बहिणीला वाटा सोडायला लावण्यात काही अर्थच उरत नाही. आपल्याकडे हे कारण गावोगाव चालतं, कारण त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

मुलींचा हक्क आता वादाचा राहिलेला नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली, केंद्राने 2005 मध्ये केली. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. हा हक्क काढून घ्यायला कोर्ट लागत नाही. पाचशे रुपयांचा मुद्रांक आणि दुय्यम निबंधकासमोरची एक सही पुरते. पेन्शन थांबली तर पुन्हा अर्ज करता येतो. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फिरवायचं तर फसवणूक किंवा दडपण सिद्ध करत कोर्टात वर्षं घालवावी लागतात.

मावशींनी फोन अजून ठेवलेला नाही. त्या स्पीकर बंद करत नाहीत, आवाजही खाली करत नाहीत. "हे बघ, जमीन तूच कस. मला वर्षाची दोन पोती भात दे. नाव राहू दे. आणि विकायची असेल तर पाचही जणं बसून बोलू. गुरुवारी मी येत नाही."

पलीकडून "ताई, अगं..." येतं. "घरी गेल्यावर बोलू," म्हणून मावशी फोन ठेवतात आणि मुलीला म्हणतात, "लिही. बारा गुंठे."

मुलगी टाइप करते. शेती, सामाईक, हिस्सा बारा गुंठे, जिरायत. मावशी स्क्रीनवरचे अक्षर न् अक्षर माझ्याकडून वाचून घेतात आणि मगच सही करतात.

उत्पन्नाची ही मर्यादा वाढवायला हवी आणि पुढे महागाईबरोबर ती वाढत राहायला हवी. हे काम विधिमंडळाचं आहे, त्याला वेळ लागेल. पण वारसनोंद करताना तलाठ्याने आणि हक्कसोड नोंदवताना निबंधकाने प्रत्येक बहिणीला एवढं तरी आजपासून विचारावं, की बाई, पेन्शन जाईल म्हणून सही करताय का? ती हो म्हणाली, तर कागद बाजूला ठेवावा आणि आधी तिचा हिशेब मांडून दाखवावा.