'बुंगा' म्हणजे फूल, आणि व्याजही!

इंडोनेशियात माल पाठवू पाहणाऱ्या, तिकडून माल मागवणाऱ्या व्यापारी बांधवांनी तेथील भाषा कामापुरती तरी शिकावी. ही भाषा मुळात बंदरांतल्या व्यापाऱ्यांचीच. जावानीज बोलणारे संख्येने जास्त असूनही २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तरुणांच्या परिषदेने मलय भाषेला साऱ्या देशाची भाषा मानले. लिपी रोमन आहे. क्रियापदाला काळाचे रूप नाही, नामाला लिंग नाही.

शब्द ओळखीचे वाटतात, पण धोका तेथेच आहे. 'सुत्रा' म्हणजे सूत नव्हे, रेशीम! सुताला 'बनांग' म्हणतात. भिवंडी-मालेगावच्या कापडवाल्यांनी हे आधी लिहून ठेवावे. 'वाकिल' म्हणजे कोर्टातला वकील नव्हे, प्रतिनिधी किंवा उपप्रमुख. 'माहाल' म्हणजे महाग. 'जुमात' ऐकून जुमेरात समजू नये, तो शुक्रवार. गुरुवारला 'कामिस' म्हणतात.

काही शब्द तर मौजेचे आहेत. 'लाबा' म्हणजे नफा, आपला लाभच. अनेकवचनासाठी तेथे शब्द दोनदा म्हणतात. पण 'लाबा-लाबा' म्हटले तर पुष्कळ नफा होत नाही, कोळी होतो! 'बुंगा' म्हणजे फूल आणि कर्जावरचे व्याजही. असे गोड नाव व्याजाला कोणी दिले असेल? आगाऊ रकमेला 'उआंग मुका' म्हणतात, म्हणजे तोंडापुढचा पैसा. 'मुका' हे आपले मुखच.

मराठी माणसाला एक सोय आहे, जी इंग्रजीवाल्याला नाही. 'तिदाक' म्हणजे नाही, 'बुकान' म्हणजे नव्हे. माल महाग नाही, येथे 'तिदाक'; हे रेशीम नव्हे, येथे 'बुकान'. तसेच 'कामी' म्हणजे आम्ही, 'किता' म्हणजे आपण. हा फरक पैशाचा आहे. भाडे 'कामी' भरू म्हटले तर आपली पेढी भरणार. 'किता' म्हटले तर गिऱ्हाईकही त्यात आले. पत्रात हा शब्द दोनदा तपासावा.

शब्दकोश पाहताना मूळ शब्द शोधावा. 'पेदागांग' म्हणजे व्यापारी, पण तो 'दागांग' म्हणजे व्यापार या शब्दाखाली सापडतो. 'तुकांग' म्हणजे कारागीर. 'तुकांग कायू' सुतार, 'तुकांग जाहित' शिंपी. एवढा एक शब्द आला की निम्मा बाजार ओळखीचा होतो.

आणि उत्तर 'बेलुम' आले तर? त्याचा अर्थ 'अजून नाही'. तोंडावर नकार देणे तेथे बरे दिसत नाही, म्हणून पुष्कळदा तो नाहीच्या जागीही येतो. वेळ न पाळण्याला तेथील लोक स्वतःच 'जाम कारेत', म्हणजे रबरी घड्याळ, म्हणतात. तेव्हा पैसे पाठवले का, या प्रश्नाला 'बेलुम' आले की पाठवणार कोणत्या तारखेला ते विचारावे आणि तारीख कागदावर घ्यावी.