हनुवटीखाली हात

कफ परेडच्या मच्छीमार नगरात, होड्या आणि उंच इमारती यांच्या मधल्या वस्तीत, संध्याकाळच्या अभ्यासाला ताई मुलांना आधी वही उघडू देत नाहीत. "हनुवटीखाली हात ठेवा आणि म्हणा, बोंबील." हनुवटी दोनदा खाली जाते: बों, बील. फळ्यावर अक्षरं मात्र तीन. शेवटच्या 'ल'मधला अ आपण उच्चारतच नाही. तो 'ल' मागच्या 'बी'ला चिकटतो आणि दोघांचा एकच घास होतो.

ऱ्हस्व-दीर्घाचं बरंचसं कोडं या शेवटच्या घासात सुटतं. मराठी शब्दाच्या अखेरीस असा बंद घास आला की त्यातला इकार-उकार दीर्घ: पूल, मूल, तांदूळ. प्रत्यय लागला की घास फुटतो आणि दीर्घाचा ऱ्हस्व होतो: पुलावर, मुलाला. बोंबील, लाकूड यांचा तर तो स्वरच गळतो. मुलं 'बोंब-ला-ला' म्हणतात, तेव्हा 'बी' कुठे गेली हे त्यांना विचारावं लागत नाही. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांतही हेच आहे. इथे ते आधी हाताला कळतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष मात्र लांबवून बोलायचे आणि ऱ्हस्व लिहायचे. ते पाठच करावे लागतात.

एकाने 'समूद्र' लिहिलं. ताईंनी तोडून म्हणायला लावलं: स-मुद्-र. जोडाक्षराचा आघात 'मु'वर येतो, म्हणून तो जड लागतो. वृत्तात तो गुरू धरतात, तरी लिहायचा ऱ्हस्वच. 'तुझ्या'मधल्या 'तु'वर असा भार येत नाही.

मग एका मुलीने 'डोला' लिहिला. तिची तोडणी चोख होती: डो-ला. कोळी बोलीत ळचा ल होतो, णचा न. "घरी आजीशी डोलाच म्हण बाळा, वहीत डोळा लिही," ताई म्हणाल्या आणि फळ्यावर दोन रकाने आखले: कोली-कोळी, पानी-पाणी, जालं-जाळं.

ही पद्धत इथे थांबते. तोंडात जो शब्द आहे तोच तोडता येतो; न ऐकलेला ळ त्यातून निघत नाही. म्हणून तोडणी झाल्यावर ताई पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचून दाखवतात. घास मोजायला हात पुरतो, पण ळ-णसाठी कानावर वाचन पडायलाच हवं.