‘कायद्याचं राज्य’ म्हणजे नेमकं काय?

‘कायद्याचं राज्य’ हे शब्द आपल्या कानांवर रोज पडतात. मंत्री सांगतात, राज्यात कायद्याचं राज्य आहे. विरोधक सांगतात, ते उरलेलं नाही. पण घरातल्या शाळकरी मुलानं विचारलं, ‘म्हणजे काय हो?’ तर आपण अडखळतो. कायदे आहेत, पोलीस आहेत, कोर्टं आहेत, म्हणजे कायद्याचं राज्य, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

हे अडखळणं आपलंच नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटचीही तीच गत झाली होती. २००५ साली तिथे न्यायव्यवस्थेत मोठे बदल करणारा कायदा मंजूर झाला. ‘कायद्याचं राज्य’ या प्रस्थापित तत्त्वाला या कायद्यामुळे बाधा येणार नाही, असं त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे. हे तत्त्व म्हणजे काय, ते मात्र कायद्यात कुठेच सांगितलेलं नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न लॉर्ड टॉम बिंगहॅम यांनी केला. ते त्या वेळी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाचे सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश होते. १६ नोव्हेंबर २००६ रोजी केंब्रिज विद्यापीठात, माजी कुलगुरू सर डेव्हिड विल्यम्स यांच्या नावानं होणाऱ्या व्याख्यानासाठी त्यांनी हाच विषय निवडला.

न्यायाधीशानं हे काम निकालपत्रात न करता विद्यापीठात का करावं? कारण कोर्टात न्यायाधीशाला समोर आलेल्या खटल्यापुरतंच बोलता येतं. व्याख्यानात त्याला सगळा विषय सलग मांडता येतो. त्या बोलण्याला निकालाचं बंधन नसतं, ते पटलं तरच टिकतं. बिंगहॅम यांचं व्याख्यान टिकलं. त्यावरून त्यांनी लिहिलेलं पुस्तक २०१० साली आलं आणि त्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मांडणीचा गाभा साधा आहे. राज्यातली प्रत्येक व्यक्ती आणि प्रत्येक सत्ता, सरकारी असो की खासगी, कायद्यानं बांधलेली असावी आणि तिला कायद्याचा लाभही मिळावा. कायदा आधी जाहीर केलेला असावा आणि न्यायदान उघड्यावर व्हावं. या गाभ्यातून त्यांनी आठ नियम काढले.

पहिला नियम, कायदा लोकांना मिळाला पाहिजे आणि समजला पाहिजे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बिंगहॅम यांनी आकडे दिले. २००४ या एका वर्षात ब्रिटिश पार्लमेंटनं सुमारे ३,५०० पानांचे कायदे केले होते. शिवाय २००३ सालचे सरकारी नियम जवळपास ९,००० पानांचे होते. एवढं वाचणार कोण? त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंनाही सोडलं नाही. न्यायाधीशांची लांबलचक निकालपत्रं हाही कायदा समजण्यातला अडथळा आहे, हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं.

वकिली करताना मला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागला. ‘वकीलसाहेब, निकाल लागला म्हणता, पण काय लागला?’ अशील शहाणा असतो, आपल्या जमिनीची हद्द त्याला पावलांनी पाठ असते. पण उच्च न्यायालयाचं निकालपत्र इंग्रजीत असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ पासून निवडक निकालांचे मराठीसह काही भारतीय भाषांत अनुवाद देणं सुरू केलं, ते या पहिल्या नियमाच्याच दिशेनं पडलेलं पाऊल आहे.

दुसरा नियम, माणसाच्या हक्काचा निर्णय कायद्यानं व्हावा, साहेबाच्या मर्जीनं नव्हे. तिसरा, कायदा सर्वांना सारखा असावा. आपल्या राज्यघटनेचं कलम १४ हेच सांगतं. बिंगहॅम यांनी स्वतः हा नियम निकालात पाळून दाखवला होता. २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर ब्रिटननं परदेशी संशयितांना खटल्याविना बेमुदत डांबण्याचा कायदा केला. डिसेंबर २००४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं तो मानवी हक्कांशी विसंगत ठरवला. पीठाचे प्रमुख बिंगहॅमच होते. तितकाच धोकादायक वाटणारा ब्रिटिश नागरिक बाहेर आणि परकीय मात्र तुरुंगात, हा भेदभाव त्यांना मान्य झाला नाही.

सर्वांत महत्त्वाचा आहे चौथा नियम. कायद्यानं मूलभूत मानवी हक्कांचं रक्षण केलं पाहिजे. यावर काही विद्वानांचा आक्षेप होता. त्यांचं म्हणणं, कायदा चांगला की वाईट हा वेगळा प्रश्न, तो स्पष्ट असला आणि पाळला गेला की कायद्याचं राज्य आलं. बिंगहॅम यांनी हे नाकारलं. एखादं सरकार रीतसर कायदे करून आपल्याच लोकांचा छळ करत असेल, तर त्याला कायद्याचं राज्य म्हणता येणार नाही.

हा वाद आपल्याला पुस्तकी वाटू नये. आणीबाणीत हजारो माणसं ‘मिसा’खाली तुरुंगात गेली, ती कायद्यानंच गेली. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं, अटक बेकायदा आहे का एवढं तरी आम्ही तपासू शकतो. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं तोही दरवाजा बंद केला. बहुमतानं आधार घेतलेल्या निकालांत दुसऱ्या महायुद्धातला एक इंग्लिश निकालही होता. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना उभे राहिले. पुढे ज्येष्ठता असूनही त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश करण्यात आलं. तो निकाल चूक होता, असं सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्टपणे सांगितलं. जुन्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल रद्द ठरवणारं मुख्य निकालपत्र लिहिलं त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. ही दुरुस्ती व्हायला एकेचाळीस वर्षं लागली.

उरलेले नियम थोडक्यात सांगतो. पाचवा, दिवाणी तंटा न परवडणारा खर्च आणि अतोनात विलंब न होता सुटावा. न्यायालय सर्वांना खुलं आहे, रिट्झ हॉटेलसारखं, असा एक जुना विनोद इंग्लिश वकिलांत आहे. दार उघडं आहे, पण बिल कोण भरणार? आपल्याकडे आजोबांचा दावा नातू चालवतो, तेव्हा हाच नियम मोडलेला असतो. सहावा, मंत्री आणि अधिकारी यांनी अधिकार ज्या हेतूसाठी मिळाला त्यासाठीच, प्रामाणिकपणे आणि मर्यादेत वापरावा. सातवा, खटला न्याय्य रीतीनं चालावा. आठवा, राज्यानं आंतरराष्ट्रीय कायद्याखालची आपली बंधनं पाळावीत.

यातला एकही नियम कळायला वकिलीची सनद लागत नाही, आणि या व्याख्यानाचं मोल मला त्यातच वाटतं. हे आठ नियम म्हणजे नागरिकानं सरकारला विचारायचे आठ प्रश्न आहेत. हा आदेश मला वाचायला मिळेल का? माझ्या अर्जाचा निर्णय कायद्यानं झाला की मर्जीनं? शेजाऱ्याला जो नियम लावला तोच मला लावला का? आपल्याच ‘राष्ट्रीय सुरक्षे’साठी म्हणून एखाद्याला खटल्याविना आत टाकलं जातं, तेव्हा तो माणूस आपल्याला आवडो न आवडो, त्याच्या अटकेची तपासणी कोण करतं?

तेव्हा ‘इथे कायद्याचं राज्य आहे’ असं यापुढे कुणी म्हणालं, तर मान डोलवण्याआधी यातला एखादा प्रश्न जरूर विचारावा. आणि शाळकरी मुलानं विचारलंच, तर त्याला सांगावं, कायदा जेव्हा तो करणाऱ्यालाही बांधतो, तेव्हा त्याला कायद्याचं राज्य म्हणतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)