मेटवान : टग नदीकाठचे एक कोळसागाव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात ॲपलेशियन पर्वतरांगा ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेल्या आहेत. या रांगांतून वाहणारी टग फोर्क ही नदी बऱ्याच अंतरापर्यंत वेस्ट व्हर्जिनिया व केंटकी या दोन राज्यांमधील सीमा ठरविते आणि पुढे लेव्हिसा फोर्कला मिळून, बिग सँडी या नावाने ओहायो नदीत विलीन होते. मेट क्रीक नावाचा ओढा टग नदीला जेथे मिळतो, तेथे वेस्ट व्हर्जिनियाच्या तीरावर मेटवान हे गाव वसले आहे. २०२० सालच्या जनगणनेत गावाची लोकसंख्या अवघी ४१२ भरली. डोंगर, लोहमार्ग आणि नदी यांच्यामध्ये सापडलेल्या चिंचोळ्या सपाटीवर एक मुख्य रस्ता आणि त्यालगत विटांच्या इमारतींची रांग, एवढाच या गावाचा पसारा होय. तरीही अमेरिकन कामगार चळवळीचा कोणताही इतिहास या गावाला वगळून लिहिता येत नाही. असे का व्हावे, याचा शोध घेऊ लागले की प्रश्न येऊन ठेपतो तो जमिनीच्या मालकीपाशी.

रेल्वे येण्यापूर्वी या खोऱ्यात विखुरलेली शेतकरी कुटुंबे राहत असत. मका, डुकरे, शिकार आणि इमारती लाकूड यांवर त्यांचा निर्वाह चाले. तोडलेले ओंडके ओढ्यात रचून ठेवायचे आणि नदीला पाणी चढले की ते बिग सँडीच्या मुखाकडे सोडायचे, असा हा व्यापार होता. हॅटफील्ड आणि मकॉय या दोन घराण्यांचे प्रसिद्ध वैर याच परिसरातले. ऑगस्ट १८८२ मध्ये निवडणुकीच्या दिवशी झालेल्या मारामारीत एलिसन हॅटफील्ड प्राणांतिक जखमी झाला. त्याच्या मृत्यूनंतर मकॉय घराण्यातील तिघा भावांना मेट क्रीकच्या मुखासमोर, नदीच्या केंटकीकडील तीरावर झुडपांना बांधून गोळ्या घालण्यात आल्या. पुढे हे प्रकरण दोन राज्यांमधील तंटा बनून १८८८ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वृत्तपत्रांनी या वैराला रानटी डोंगरी लोकांची कथा बनवून टाकले आणि आजही प्रवासी ते ऐकायलाच येतात. वास्तविक त्याहून दूरगामी परिणाम करणारी गोष्ट त्याच काळात निमूटपणे घडत होती. खोऱ्यातील जमिनी बाहेरच्या भांडवलदारांच्या हाती जाऊ लागल्या होत्या. हॅटफील्डांचा प्रमुख ‘डेव्हिल ॲन्स’ यानेही १८८८ साली टगच्या खोऱ्यातील आपली जमीन विकून टाकली व तो तेथून दूर राहावयास गेला.

१८९२ साली नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेचा ओहायोपर्यंतचा मार्ग या खोऱ्यातून पूर्ण झाला. न्यूयॉर्क राज्यातील मॅटिआवान या गावाचे नाव नव्या ठिकाणाला देण्यात आले. स्थानिक लोकांच्या तोंडी त्याचे मेटवान झाले. १८९५ मध्ये लोगन परगण्यातून मिंगो हा वेगळा परगणा काढण्यात आला. मग डोंगरांच्या पोटातील कोळसा बाहेर निघू लागला. स्थानिक डोंगरी लोकांच्या जोडीला दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय आणि इटली, हंगेरी आदी देशांतून आलेले मजूर खाणींत उतरले.

या मजुरांपैकी बहुतेकजण कंपनीच्या वसाहतीत राहत. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टर कंपनीने नेमलेला, आणि मजुरीचा काही भाग कंपनीने स्वतः पाडलेल्या नाण्यांत मिळे. ती नाणी कंपनीच्याच दुकानात चालत. नोकरीवर घेताना संघटनेत सामील होणार नाही असा करार लिहून घेतला जाई. घराचा ताबा नोकरीबरोबर जात असल्यामुळे, कामावरून काढलेल्या माणसाच्या डोक्यावरचे छप्परही त्याच दिवशी जाऊ शकत असे. बंदोबस्तासाठी मालक खाजगी पहारेकरी ठेवीत. त्यांपैकी बरेचजण बॉल्डविन-फेल्ट्स नावाच्या गुप्तहेर संस्थेचे नोकर होते.

मेटवान मात्र कंपनीची वसाहत नव्हते. येथील दुकाने व इमारती व्यापाऱ्यांच्या खाजगी मालकीच्या होत्या. गावाला स्वतःची नगरपालिका, महापौर आणि पोलीस प्रमुख होता. आजूबाजूच्या खाणींतले मजूर पगाराच्या दिवशी येथे खरेदीला येत आणि त्यांच्या पैशावर गावातील व्यापार चाले. म्हणजे खाणमालकाचा हुकूम ज्या जमिनीवर चालत नाही अशी मोजकी जमीन या खोऱ्यात होती, तिच्यावर मेटवान उभे होते. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक १९२० साली निर्णायक ठरला.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या आयोगाने संघटित खाणकामगारांना २७ टक्के वेतनवाढ दिली. मिंगोतील असंघटित मजुरांना ती मिळाली नाही. साहजिकच युनायटेड माइन वर्कर्स या संघटनेत शेकड्यांनी माणसे सामील होऊ लागली आणि मालकांनी त्यांना कामावरून काढून घरांबाहेर घालविण्यास सुरुवात केली. महापौर कॅबेल टेस्टरमन आणि पोलीस प्रमुख सिड हॅटफील्ड हे दोघेही मजुरांच्या बाजूचे होते. सिड स्वतः खाणीत काम केलेला मनुष्य होता.

१९ मे १९२० रोजी बॉल्डविन-फेल्ट्सचे हस्तक रेल्वेने मेटवानला आले. स्टोन माउंटन कोल कंपनीच्या घरांतून त्यांनी मजुरांची कुटुंबे सामानासह बाहेर काढली. काम आटोपून, गावातल्या हॉटेलात जेवून, ते संध्याकाळच्या गाडीसाठी स्थानकाकडे निघाले. तेव्हा सिड हॅटफील्डने त्यांना अडविले आणि आपल्यापाशी त्यांच्या अटकेची वॉरंटे असल्याचे सांगितले. ‘उलट तुझ्याच अटकेचे वॉरंट माझ्याकडे आहे,’ अशा आशयाचे उत्तर त्यांचा म्होरक्या अल्बर्ट फेल्ट्स याने दिले. महापौराने तो कागद पाहिला व बनावट ठरविला. पहिली गोळी कोणी झाडली याबद्दल तेव्हापासून वाद आहे. काही क्षणांतच दहा माणसे पडली : अल्बर्ट आणि ली या फेल्ट्स बंधूंसह सात हस्तक, दोन खाणकामगार आणि स्वतः महापौर. अमेरिकन इतिहासात या चकमकीला ‘मेटवानची कत्तल’ असे नाव पडले. ते मला यथार्थ वाटत नाही. कारण दोन्हीकडे बंदुका होत्या आणि दोन्हीकडे कायद्याचे कागद होते. प्रश्न होता तो त्या रस्त्यावर कोणाचा कागद चालावयाचा, हा.

१ जुलैपासून संप सुरू झाला. बेघर झालेल्या कुटुंबांनी खोऱ्यातील तंबूंच्या वसाहतींत हिवाळा काढला. १९२१ च्या मार्चमध्ये विल्यमसनच्या न्यायालयाने सिड हॅटफील्ड व त्याच्या साथीदारांना खुनाच्या आरोपातून मुक्त केले. परंतु १ ऑगस्ट रोजी दुसऱ्या एका खटल्यासाठी तो शेजारच्या मॅक्डॉवेल परगण्यात वेल्च येथे गेला असता, न्यायालयाच्या पायऱ्यांवर बॉल्डविन-फेल्ट्सच्या माणसांनी त्याला व त्याचा मित्र एड चेंबर्स याला पत्नींच्या डोळ्यांदेखत ठार केले. दोघेही नि:शस्त्र होते. या हत्येने खवळलेले सुमारे दहा हजार खाणकामगार त्याच महिन्याच्या अखेरीस ब्लेअर डोंगराकडे निघाले आणि तेथील लढाई थांबविण्यास केंद्रीय सैन्य पाठवावे लागले. मिंगोतील संप ऑक्टोबर १९२२ मध्ये मागे घेण्यात आला. म्हणजे मजूर हरले. संघटित होण्याचा हक्क त्यांना प्रत्यक्षात मिळाला तो १९३३ च्या केंद्रीय कायद्यानंतरच.

यानंतर गावाने मौन पत्करले. ज्यांच्या घरची माणसे एकमेकांविरुद्ध उभी होती त्यांना त्याच एका रस्त्यावर पुढची पन्नास वर्षे राहावयाचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मौनाचे नवल वाटत नाही. वृद्धांच्या आठवणी पद्धतशीरपणे ध्वनिमुद्रित करण्याचे काम १९८९ च्या सुमारास हाती घेण्यात आले. जॉन सेल्स यांचा ‘मेटवान’ हा चित्रपट त्यापूर्वी, १९८७ साली, येऊन गेला होता. मात्र त्याचे चित्रीकरण झाले ते न्यू रिव्हरकाठच्या थर्मंड या गावी.

कोळशाने गाव वसविले, पण त्याला वारंवार बुडविले ते नदीने. एप्रिल १९७७ चा पूर सर्वांत भयंकर होता. त्याने टगच्या खोऱ्यातील गावे उद्ध्वस्त केली. १९८० साली अमेरिकन काँग्रेसने या खोऱ्यासाठी विशेष तरतूद केली आणि सैन्याच्या अभियंता दलाने मेटवानच्या बाजूने काँक्रीटची पूरभिंत बांधली. १९९७ मध्ये ती पुरी झाली. तिच्यावर गावाचा इतिहास उठावचित्रांत कोरलेला आहे : घराण्यांचे वैर, रेल्वे, खाणी आणि १९२० ची चकमक. गाव सुरक्षित झाले खरे, पण ज्या नदीमुळे ते तेथे वसले तिच्यात आणि गावात आता ही भिंत उभी आहे.

दरम्यान खाणींत यंत्रे आली, माणसे कमी झाली आणि तरुण मंडळी बाहेर पडली. १९९७ मध्येच गावाच्या जुन्या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. विटांच्या भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा जपून ठेवण्यात आल्या आहेत. २००० सालापासून डोंगरांत हॅटफील्ड-मकॉय यांच्या नावाने चार चाकी मोटारसायकलींसाठी वाटा खुल्या झाल्या. त्यांवरून धुळीने माखून येणाऱ्या हौशी प्रवाशांची राहण्या-जेवण्याची सोय करणे हा येथील एक व्यवसाय झाला आहे. २०१५ साली गावात खाणयुद्धांचे संग्रहालय उघडले. कंपनीची नाणी आणि खाणकामगारांची अवजारे तेथे पाहावयास मिळतात. मोर्चातील मजूर गळ्यात बांधीत असत त्या लाल रुमालाची आठवणही हे संग्रहालय जागी ठेवते.