उशिरा रडलेले बाळ आणि त्याची मूत्रपिंडे

बाळ जन्मताच रडले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ते रडले नाही, आणि बरीच खटपट करून काही मिनिटांनी त्याचा श्वास सुरू झाला, तर सर्वांचे लक्ष त्याच्या मेंदूकडे लागते. आणि ते साहजिकच आहे. परंतु ह्याच मिनिटांत त्याची मूत्रपिंडेही मुकाट्याने मार खात असतात, ही गोष्ट शहाण्यासुरत्या घरांतही फारशी ठाऊक नसते.

नाळ दबल्याने असो वा प्रसूति लांबल्याने असो, प्राणवायु तुटला की बाळाचे शरीर उरलेल्या पुंजीची वाटणी बदलते. मेंदू आणि हृदय यांच्याकडे रक्त वळविले जाते. त्वचा, आतडी व मूत्रपिंडे यांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. समुद्रात बुडी मारणारा सीलही हेच करतो. पण तो वेळीच वर येतो, बाळाला मात्र उशीर झालेला असतो. मूत्रपिंडातील लक्षावधी गाळण्यांना जोडलेल्या नलिकांच्या पेशी अखंड कामात असतात व त्यांना प्राणवायु भरपूर लागतो. त्याच प्रथम कोलमडतात.

निदान वाटते तितके सोपे नाही. गर्भात रक्तशुद्धीचे काम वारेमार्फत होते. म्हणून जन्माच्या दिवशी बाळाच्या रक्तात आढळणारा क्रिएटिनिनचा आकडा वस्तुतः आईचा असतो. पुढील दिवसांत तो उतरला पाहिजे. न उतरता चढला, तर मूत्रपिंडे दुखावली असे समजावे. एका तपासणीवर भागत नाही. लघवीवरून ठरवावे, तर निरोगी बाळाचीही पहिली लघवी कधी २४, क्वचित ४८ तासांपर्यंत लांबते. आणि दुखावलेल्या मूत्रपिंडांतूनही पुष्कळदा ती चांगली होत राहते. तथापि पहिल्या दिवसानंतर दर किलो वजनामागे तासाला १ मिलिलिटरहून कमी लघवी हे धोक्याचे चिन्ह मानतात.

बालाघाटसारख्या जिल्ह्यात ह्याला विशेष महत्त्व आहे. वारासिवनीकडील भातशेतीच्या सपाटीतून जिल्ह्याच्या रुग्णालयात जाणे सोपे. बैहरच्या जंगलपठारावरून यायचे म्हणजे घाट उतरणे आले. बाळ एकदा रडू लागले की हा प्रवास टाळावा असे वाटणे स्वाभाविक आहे. मग लघवी झाली नाही म्हणून वडीलधाऱ्यांना साखरपाणी वा घुटी पाजावीशी वाटते. हेतू मायेचा, परिणाम उलटा! जे पाणी मूत्रपिंडे बाहेर टाकू शकत नाहीत ते अंगात साचते, रक्तातील मिठाचे प्रमाण घटते, बाळ सुजते व त्याला झटकेही येऊ शकतात. उशिरा रडलेल्या बाळाच्या लघवीची वेळ लिहून ठेवावी आणि त्याला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे.

रुग्णालयातील उपचारही बराचसा संयमाचाच असतो. बाळाचे रोज वजन करून द्रव मोजून देतात. जंतुसंसर्गावर नेहमी वापरले जाणारे जेंटामायसिन मूत्रपिंडांना जड जाते. म्हणून त्याच्या दोन मात्रांतील अंतर वाढवावे लागते. मोठ्या रुग्णालयांत मेंदू वाचविण्यासाठी काही बाळांचे तपमान ७२ तास ३३-३४ अंश सेल्सिअसवर ठेवतात. हे ऐकून घरी बाळाला गार ठेवण्याचा प्रयोग कोणी करू नये; तो जिवावर बेतेल.

मूळ उपाय मात्र जन्माच्या क्षणाचाच. वैनगंगा पुढे ज्या गडचिरोली जिल्ह्याला लागून वाहते, तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी निगा राखण्यास शिकविले. न रडणाऱ्या बाळाला श्वास देणेही त्यांत होते. ह्या कार्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २००९ साली केंद्र सरकारने प्रसूति करविणाऱ्यांना हे शिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. श्वास जितक्या लवकर सुरू होईल, तितकी मूत्रपिंडांची हानि कमी.

वाचलेल्या बहुतेक बाळांची मूत्रपिंडे काही दिवसांत पुन्हा काम करू लागतात, कारण नलिकांच्या पेशी नव्याने वाढतात. गेलेल्या गाळण्या मात्र परत येत नाहीत; म्हणून अशा मुलाचा रक्तदाब व लघवी पुढील वर्षांतही अधूनमधून तपासून घ्यावी लागते.